विश्लेषण : घरच्या शेडमध्ये बनलेल्या ब्रिटन बाईकने डुकाटीला घाम कसा फोडला?

शर्यतीची बाईक म्हटली, की बड्या कंपन्यांचे कारखाने आणि बजेट आले. न्यूझीलंडच्या जॉन ब्रिटन यांच्याकडे होते क्राइस्टचर्चमधले घर, शेड आणि मदतीला येणारे मित्र. १९५० मध्ये जन्मलेल्या ब्रिटन यांना डिस्लेक्सिया होता, वाचन जड जायचे. इंजिनीअरिंग त्यांनी रात्रीच्या वर्गांतून पूर्ण केले.

‘व्ही१०००’चे इंजिनसुद्धा विकतचे नव्हते. ९९९ सीसीचे हे व्ही-ट्विन त्यांनीच घडवले. ओतलेले ॲल्युमिनियमचे भाग मातीची भांडी भाजायच्या भट्टीत तापवले. वेगळी चेसिस नाहीच, इंजिन हाच बाईकचा कणा. रेडिएटर थेट सीटखाली, म्हणजे समोरून वाऱ्याला अडथळा कमी. चाके कार्बन फायबरची. वजन सुमारे १३८ किलो, ताकद १६६ हॉर्सपॉवर. आजही हे आकडे किरकोळ नाहीत.

१९९२ मध्ये अमेरिकेत डेटोनाला अँड्र्यू स्ट्राउड फॅक्टरी डुकाटीशी झुंजत होता. शर्यत संपत आली आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रणेतला रेक्टिफायर निकामी झाला. बाईक बंद! एवढे सगळे हाताने घडवले आणि दगा दिला तो या छोट्याशा भागाने.

१९९४ मध्ये त्याच ट्रॅकवर स्ट्राउड जिंकला. मात्र त्याच वर्षी आइल ऑफ मॅन टीटीच्या सरावात ब्रिटन चालवणाऱ्या मार्क फार्मरचा अपघाती मृत्यू झाला.

५ सप्टेंबर १९९५ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, ब्रिटन यांचे त्वचेच्या कर्करोगाने निधन झाले. ‘व्ही१०००’ एकूण १० च बनल्या. त्यातली एक वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ संग्रहालयात आहे.