युजेन सँडो

युजेन सँडो (जन्म : २ एप्रिल १८६७, कोनिग्सबर्ग, प्रशिया, मृत्यू : १४ ऑक्टोबर १९२५, लंडन) हे जर्मन वंशाचे मल्ल, व्यायामशिक्षक आणि व्यावसायिक होते. त्यांना आधुनिक शरीरसौष्ठवाचे जनक मानले जाते. मराठीत रूढ झालेले ‘सँडो बनियन’ हे बिनबाह्यांच्या गंजीचे नाव त्यांच्याच नावावरून पडले आहे. व्यायामशाळेच्या प्रसाराला धर्मादाय कार्याची जोड देणाऱ्या आरंभीच्या व्यावसायिकांत त्यांची गणना करता येईल.

पूर्वायुष्य

सँडो यांचे मूळ नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. ब्रुसेल्स येथे लुई अ‍ॅटिला या व्यायामगुरूंकडे त्यांनी शिक्षण घेतले. १८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर सॅम्पसन या नामांकित शक्तिवीराचा त्यांनी पराभव केला आणि ते प्रकाशात आले. १८९३ मध्ये अमेरिकेत फ्लोरेन्झ झिगफेल्ड यांनी त्यांचे खेळ लावले. वजन उचलण्यापेक्षा त्यांच्या रेखीव शरीराचेच प्रेक्षकांना अधिक आकर्षण वाटते, हे तेथे ध्यानात आले. १८९४ मध्ये एडिसन यांच्या स्टुडिओत त्यांचे चलच्चित्रणही झाले.

व्यवसाय

१८९७ मध्ये सँडो यांनी लंडनमध्ये व्यायामसंस्था उघडली आणि पुढील वर्षी व्यायामविषयक मासिक सुरू केले. डंबेल, रबरी दोरांची उपकरणे, पुस्तके आणि टपालाने दिले जाणारे धडे यांमुळे रंगमंचावरील कीर्तीचे रूपांतर स्थिर व्यवसायात झाले. तालमीत कधी न गेलेले कारकून व दुकानदार यांनाही घरी व्यायाम करता येऊ लागला.

१९०१ ची स्पर्धा

१८९८ मध्ये सँडो यांनी आपल्या पद्धतीने व्यायाम करणाऱ्यांसाठी स्पर्धा जाहीर केली. सुमारे तीन वर्षे ब्रिटनच्या निरनिराळ्या परगण्यांत प्राथमिक फेऱ्या झाल्या. त्यामुळे अंतिम सामन्याच्या आधीच संस्थेचे नाव गावोगावी पोहोचले. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अंतिम स्पर्धा झाली. शिल्पकार सर चार्ल्स लॉज आणि साहित्यिक आर्थर कॉनन डॉयल हे सँडो यांच्यासह परीक्षक होते. केवळ स्नायूंच्या आकाराला महत्त्व न देता शरीराचा समतोल, सर्वसाधारण आरोग्य आणि त्वचेची स्थिती यांचाही विचार करण्यात आला. नॉटिंगहॅमचे विल्यम मरे विजयी झाले.

या कार्यक्रमाचे उत्पन्न ट्रान्सवाल युद्ध साहाय्य निधीला देण्यात आले. स्पर्धा जाहीर झाली तेव्हा बोअर युद्ध सुरूही झाले नव्हते; परंतु युद्धग्रस्तांच्या मदतीची जोड मिळाल्यामुळे शरीरप्रदर्शनाच्या कार्यक्रमाला सार्वजनिक कार्याची प्रतिष्ठा लाभली. निधीला पैसा मिळाला आणि संस्थेला लौकिक मिळाला. त्यामुळे यातील परोपकार आणि जाहिरात एकमेकांपासून वेगळे काढणे कठीण आहे.

भारतभेट

१९०४-०५ मध्ये सँडो यांनी भारताचा दौरा केला. मुंबई व कलकत्ता येथे त्यांचे खेळ झाले. दंड, बैठका, जोडी, मलखांब आणि कुस्ती यांची परंपरा येथे आधीपासूनच होती. उस्तादाने तालमीत विनामोबदला शिकवावे आणि निखळलेले हाड बसवून द्यावे, अशी सेवेची रीतही अनेक ठिकाणी होती. सँडो यांनी आणलेली नवलाई आरशासमोरील डंबेलच्या व्यायामाची आणि छायाचित्रांतून दिसणाऱ्या घडीव शरीराची होती.

उत्तरायुष्य

१९०६ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले. १९०९ मध्ये प्रादेशिक सेनेत भरती होऊ इच्छिणाऱ्यांना आवश्यक शारीरिक पात्रता मिळावी, म्हणून प्रशिक्षण देण्याची तयारी त्यांनी दर्शविली. १९११ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांनी त्यांची व्यायामशिक्षक म्हणून नियुक्ती केली. तथापि पहिल्या महायुद्धात त्यांची कोको बनविणारी कंपनी बुडाली. जर्मन मूळ असलेल्या व्यावसायिकांसाठी तो काळ प्रतिकूल होता; पूर्वीच्या देणग्या आणि राजमान्यता यांनी व्यवसाय वाचू शकला नाही. लंडनमधील पटनी व्हेल येथे त्यांचे दफन झाले. त्यांच्या थडग्यावर दीर्घकाळ नावाचा दगडही नव्हता.

वारसा

१९७७ पासून ‘मिस्टर ऑलिम्पिया’ स्पर्धेतील विजेत्याला सँडो यांची छोटी प्रतिमा दिली जाते. व्यायामशाळांनी सार्वजनिक निधीसाठी स्पर्धा भरविण्याची प्रथा आज सर्वत्र दिसते. १९०१ ची स्पर्धा हे तिचे एक ठळक आरंभीचे उदाहरण होय.