शिकारी राजा आणि फासेपारधी

शाहू महाराजांवर आपल्या अंकात याआधीही पुष्कळ लिहून आले असेल. राखीव जागा, वसतिगृहे, राधानगरीचे धरण हे विषय सर्वांना पाठ आहेत. मला त्यांच्या शिकारीविषयी लिहायचे आहे. मी इंदापूर तालुक्यातला फासेपारध्याचा मुलगा. शिकार हा आमच्या घरी शौक नव्हता, भाकरी होती.

कागलच्या घाटग्यांच्या घरी २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले व शाहू झाले. राजकोट, धारवाड येथे शिक्षण होऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला. अंगाने धिप्पाड, कुस्तीचे वेडे आणि शिकारीचे त्याहून. दाजीपूरचे रान हे त्यांचे राखीव शिकारीचे जंगल. तेथे गवे होते, अस्वले होती. घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारणे आणि चित्त्याकडून काळवीट धरवणे हे त्यांचे आवडते खेळ.

चित्त्याची शिकार मोठी युक्तीची असे. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीत बसवून कळपाजवळ न्यायचा. माळावरच्या काळविटांना गाडीबैलांची सवय असते, ती पळत नाहीत. मग टोपी काढायची. आमच्यातले लोकही हेच करीत, फक्त गाडी नसे. शिकवलेल्या बैलाच्या आडून सरकत सरकत जनावराजवळ पोचायचे. पिंजऱ्यातला पाळीव तितर आमिष म्हणून ठेवायचा, त्याच्या ओरडण्याने रानातला तितर भांडायला येतो आणि घोड्याच्या केसांच्या फाशात अडकतो. साहेबलोक वाघासाठी रेडकू बांधून मचाणावर बसत, त्यातलाच हा गरिबाचा प्रकार.

नेम आणि युक्ती यांइतकीच शिकारीत रीत लागते. भाल्याच्या शिकारीत ज्याचा भाला आधी लागेल त्याचा मान, मग डुक्कर शेवटी कोणीही मारो. बारामती-इंदापूरच्या उघड्या माळावरही रीत होती, पण ती कोणी लिहून ठेवली नव्हती. वडापुरीला जमणारे तिरमल नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर मारीत. वैदू सापळे लावून मुंगूस, रानमांजर धरीत. हरणे व पाखरे आमची. एकाच गायरानावर तिघे फिरले तरी आड येत नसत. आमच्यातही एका कुळाच्या हद्दीत दुसऱ्याने फास लावायचा नाही. गाभण हरिणी किंवा पाडस अडकले तर सोडून द्यायचे. हे मी आजोबांकडून ऐकले आणि पुढे कळले की अभ्यासकांनीही ते नोंदवले आहे. पुस्तकात नाव येण्याचा आमच्या लोकांना एवढाच एक चांगला प्रसंग माहीत आहे. एरवी नाव येई ते चौकीच्या वहीत.

१८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकार काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवू लागले. पुढे त्यांच्या यादीत आम्हीही गेलो. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. जो रोज माळ बदलतो त्याने जगायचे कसे, हा विचार कायदा करणाऱ्यांना शिवला नसावा. शाहू महाराजांना तो शिवला. त्यांनी फासेपारध्यांना पदरी घेतले, वस्तीला जागा दिली, आणि ज्यांना लोक चोर म्हणत त्यांनाच सोनतळीला पहाऱ्यावर ठेवले. माझा तर्क असा की हे दयेने झाले नाही. रात्रभर न हलता बसणारा, पावलाचा ठसा ओळखणारा माणूस किती कामाचा असतो, हे ज्याने स्वतः रान तुडवले त्याच शिकाऱ्याला कळते.

१९१८ हे वर्ष महाराजांना फार कठीण गेले. जूनमध्ये त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी डुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेला. लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. लहानग्या विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, महाराजांनी सोनतळीला शिकायला बसवले. लोकापवादाची पर्वा केली नाही. आणि त्याच वर्षी आपल्या राज्यातली गुन्हेगार म्हणवणाऱ्या जमातींची हजेरी त्यांनी बंद केली. स्वतःच्या घरात सुतक असताना दुसऱ्याच्या दारातले ओझे उतरवणारा राजा मला वसतिगृहे काढणाऱ्या राजापेक्षाही जवळचा वाटतो.

६ मे १९२२ रोजी मुंबईत ते वारले. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते.

त्यांचा हुकूम कोल्हापूर संस्थानापुरता होता. इंदापूर इंग्रजांच्या मुलखात. येथे तो कायदा पुढेही बरीच वर्षे उठला नाही, आणि तोवर माझे पणजोबा चावडीवर अंगठा देत राहिले. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात आज चिंकारे दिसतात. आजोबा एकदा माझ्याबरोबर आले होते. कुंपणापाशी वाकून त्यांनी ठसे पाहिले आणि मादी गाभण आहे म्हणाले.