श्रीनाथांचे रूपक

अलंकार म्हटले की आमच्या माळकऱ्यांना तो शास्त्रीपंडितांचा प्रांत वाटतो. पण ज्या रूपकाचे लक्षण पाठ करताना शाळेतली पोरे रडकुंडीस येतात, तेच रूपक एकनाथमहाराजांच्या भारुडात आले म्हणजे नांगरावरचा गडीसुद्धा पोट धरून हसतो, आणि घरी जाता जाता विचारात पडतो. ही किमया नाथांनी कुठे मिळवली, ते त्यांच्या चरित्रातच पाहू.

कूळ पैठणचे, भानुदासांचे. नाथ त्यांचे पणतू. आईबाप लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणींनी वाढवले. पुढे देवगिरीस जनार्दनस्वामींच्या पायांशी गेले. स्वामी किल्लेदार, म्हणजे परमार्थाच्या जोडीला तिथे दफ्तर, हिशेब, अर्ज, ताकिदी हे रोजचेच. एका पैच्या चुकीसाठी नाथांनी रात्र जागवली, ही कथा कीर्तनात ऐकली नाही असा वारकरी विरळाच. तीच तन्मयता देवाकडे लावावी, असे गुरूंनी सुचवले, हे सगळेच सांगतात. आम्हांला मात्र त्यापुढची गंमत वाटते. ते दफ्तर नाथांनी टाकून दिलेच नाही! त्यांचे अर्जदस्त पाहा. फारसी वळणाचा अस्सल सरकारी कागद. पण परगणा म्हणजे शरीर, शेकदार म्हणजे जीव, कारकून म्हणजे बुद्धी. काम-क्रोध ही गावची बडी मंडळी धन्याचे काम चालू देत नाहीत, अशी तक्रार. ज्या कुणब्याने जन्मभर सारा भरला, त्याला हे निराळे समजवावे लागले नसेल.

शरीर परगण्यासारखे आहे, असे म्हटले तर ती उपमा झाली. दोन वस्तू शेजारी शेजारी, वेगळ्याच. रूपकात शरीर हाच परगणा. शास्त्रकार या दोहोंच्या नात्याला अभेद म्हणतात, आणि नाथांना सांगायचा होता तोही अभेदच. म्हणून आम्ही म्हणतो, नाथांचे रूपक हा वरून घातलेला दागिना नव्हे.

नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा, पांगळा, किती म्हणून सोंगे घेतली! रोडग्याच्या भारुडात एक सासुरवाशीण घरातले एकेक माणूस दूर व्हावे म्हणून भवानीला नवस करते. बाया तोंडाला पदर लावतात. शेवटी तिला एकटीच राहायचे असते, तेव्हा कळते की ही सासू-नणंद म्हणजे जिवाला चिकटलेली उपाधी. विंचवाचेही तसेच. हल्ली काही मंडळी विंचू चावल्याचा नाच अर्धा तास करतात आणि सत्त्वगुणाचा उतारा दोन शब्दांत उरकतात. तमाशाला आम्ही नावे ठेवीत नाही, त्याचा फड वेगळा आहे. पण उतारा गेला की रूपक गेले, उरला नुसता विंचू.

नाथ काही भारुडापुरते नव्हेत. १८ हजारांहून अधिक ओव्यांचे एकनाथी भागवत त्यांनी शके १४९५ मध्ये (इ. स. १५७३) काशीत पुरे केले, शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. एवढे करूनही घरातच विरोध. चिरंजीव हरिपंडितांना बापाचे प्राकृत रुचेना. रुसून ते काशीस गेले. नाथांनी प्राकृत पुराण बंद करावे, या अटीवर परत आले, अशी परंपरेची कथा आहे. नाथांनी तेही मानले. मुलगा संस्कृतात पुराण सांगू लागला आणि श्रोते पांगले की हो! दृष्टांत तेच, पण ऐकणाऱ्याला ते आपल्या अंगणातले वाटेनात. अखेर हरिपंडितच नमले, आणि नाथांचे प्राकृत पुन्हा सुरू झाले.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. भावार्थरामायण युद्धकांडात अपुरे राहिले होते. ते पुरे केले गावबाने. नाथांच्या घरी पुरणपोळीसाठी राहिलेला वेडा पोर म्हणून गाव ज्याला हसत असे, त्याने.