झाडांसाठी केलेला अर्ज

रूसो म्हटले की आपल्याला आठवतो तो अठराव्या शतकातला तत्त्वचिंतक. थेओदोर रूसो त्याच्यानंतरचा. १८१२ मध्ये पॅरिसमधल्या एका शिंप्याच्या घरी जन्मलेला हा चित्रकार आयुष्यभर झाडांत रमला.

त्या काळी पॅरिसच्या ‘सलाँ’ या सरकारमान्य प्रदर्शनात चित्र लागले, तरच चित्रकाराचे नाव होई. निसर्गचित्रातही पुराणकथा हवी, असा जुन्या वळणाच्या परीक्षकांचा आग्रह. रूसोच्या चित्रांत नुसती झाडे, खडक आणि आभाळ! १८३१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याचे चित्र सलाँमध्ये लागले खरे. पण १८३६ पासून ती परत येऊ लागली. अखेर त्याने चित्रे पाठवणेच सोडून दिले.

मन रमे ते पॅरिसपासून साठेक किलोमीटरवरच्या फोंतेनब्लोच्या जंगलात. कडेच्या बार्बिझों गावी त्याने बिऱ्हाडच थाटले. खोडाचा पीळ, मोडकी फांदी, खडकाला धरून बसलेली मुळे हे सारे तो कागदावर उतरवी. माणसाची तसबीर काढावी, तसा एकेक ओक वृक्ष रेखाटी.

त्याच जंगलात कुऱ्हाड चालू होती. जुने ओक तोडून वनखाते पाइनची लागवड करीत होते. १८४७ मध्ये रूसोने वृक्षतोडीचे चित्र काढायला घेतले. हेरोद राजाने कोवळ्या बालकांची कत्तल केल्याची कथा बायबलमध्ये आहे. त्या कत्तलीचेच नाव त्याने चित्राला दिले. ते अपुरेच राहिले.

१८४८ च्या क्रांतीनंतर दिवस पालटले. १८४९ मध्ये पदक मिळाले, १८५२ मध्ये सरकारी सन्मान. इतकी वर्षे डावललेल्या माणसाने अशा वेळी स्वतःसाठी काही मागितले असते, तर कोणी नाव ठेवले नसते. रूसोने त्याच वर्षी राज्यकर्त्यांकडे अर्ज केला, तो झाडांसाठी. १८५३ मध्ये सहाशेवर हेक्टर जंगलाला अभय मिळाले. १८६१ च्या हुकुमाने ते क्षेत्र हजारावर गेले. शिकारीसाठी नव्हे, जहाजांच्या लाकडासाठी नव्हे. चित्रकारांना प्रिय म्हणून झाडे राखली गेली! अमेरिकेतले यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले ते पुढे, १८७२ मध्ये.

१८६७ च्या डिसेंबरात रूसो बार्बिझोंलाच वारला. जवळच्या शायी गावी त्याला पुरले. सात वर्षांनी त्याचा मित्र, चित्रकार मिले, त्याच्या शेजारी विसावला. फोंतेनब्लोचा काही भाग आजही कुऱ्हाडीपासून राखलेला आहे.