काका केळकरांचे ऋण

आमच्या नगरच्या घरी माळ्यावर पत्र्याचे एक विलायती इंजिन होते. आजोबा दौंड-मनमाड मार्गावर रेल्वेत नोकरीला होते. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाने आपल्या मुलाचे ते खेळणे माझ्या वडिलांना दिले होते. किल्ली दिली की ते गोल रुळांवरून धावे, असे वडील सांगत. माझ्या हाती आले तेव्हा स्प्रिंग तुटलेली आणि रंग उडालेला. एका दिवाळीच्या साफसफाईत मी ते डब्याडुब्यांबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकले. वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी माळ्याकडे एकदा पाहिले, एवढेच.

अशा इंजिनांचा ध्यास घेतलेले संग्राहक युरोपात पुष्कळ आहेत, हे मला फार उशिरा कळले. जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांवर धावणारी किल्लीची गाडी मांडली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९२० साली आपल्या गाड्या बाजारात आणल्या. मुले मोठी झाली की ही खेळणी मोडीत निघत, म्हणूनच जी उरली ती दुर्मिळ ठरली.

त्याच १९२० च्या सुमारास पुण्यात एक तरुण अशाच मोडीत निघालेल्या वस्तू वेचू लागला होता. दिनकर गंगाधर केळकर हे त्यांचे नाव. १० जानेवारी १८९६ रोजी मावळातील करंजगावी त्यांचा जन्म झाला. चरितार्थासाठी चष्म्याचे दुकान आणि मनाला कवितेचा छंद. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. इतिहासात रमलेल्या या कवीला जुन्या माणसांच्या हातातल्या वस्तू खुणावू लागल्या आणि पाहता पाहता त्या वेडाने त्यांचे सारे आयुष्य व्यापले.

राजांच्या तलवारी कोणीही जपेल. काकांनी अडकित्ते जमवले, दिवे जमवले, दौती, वज्री, वाद्ये, कोरीव दरवाजे, खेळांचे पट आणि लहान मुलांची खेळणीही जमवली. पडके वाडे, जुने बाजार, आडवळणाची गावे असा त्यांचा प्रवास अखंड चालू असे. पत्नी कमलाबाईंनी या फिरस्तीत मनापासून साथ दिली, पैसा अपुरा पडला तेव्हा अंगावरचे दागिनेही दिले. कोथरूडचा मस्तानी महाल मोडकळीस आला, तेव्हा त्याचे भाग आणून काकांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला.

त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालवयातच गेला. काकांनी आपल्या संग्रहालयाला त्याचेच नाव दिले. पुढे हा सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. देऊन गौरवले. १७ एप्रिल १९९० रोजी ते निवर्तले. आज तेथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

महाविद्यालयाच्या सहलीत मी शुक्रवार पेठेतले ते राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले. मित्र भराभर पुढे जात होते, मी मात्र खेळण्यांपाशी थबकलो. ज्यांनी ती खेळवली ती मुले केव्हाच काळाआड गेली आणि ज्याच्या नावाने हे घर उभे आहे तो राजा तर मोठा झालाच नाही. तरी त्यांची खेळणी येथे धूळ झटकून कोणीतरी सांभाळून ठेवली होती. आमचे इंजिन मला आठवले आणि मान आपोआप खाली गेली.

नगरला परतल्यावर मी वडिलांजवळ चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे माळ्यावर चढलो. आजीचा अडकित्ता, आजोबांचा हातकंदील, फुटक्या मुठीचे जाते, एकेक वस्तू खाली आली. वडील सांगत गेले आणि मी ती कोणाची, कुठून आली, हे एका वहीत उतरवत गेलो. वहीच्या पहिल्या पानावर मात्र आमच्या घरी आता नसलेली वस्तू आहे: पत्र्याचे इंजिन, एक.