नाडीविद्येचे भाष्यकार : फादर मिखाएल बोइम

आपल्या कोकणातील जुने वैद्य रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवून वात, पित्त व कफ यांची अवस्था जाणून घेत. चीनमधील वैद्यही तीनच बोटे ठेवतात. मात्र त्यांची अर्थ लावण्याची रीत निराळी आहे. ही रीत युरोपला समजावून सांगणाऱ्या पहिल्या लेखकांत येशूसंघीय धर्मगुरू फादर मिखाएल बोइम यांची गणना होते.

सुमारे १६१२ मध्ये पोलंडच्या राज्यातील ल्वुव या नगरात (आजच्या युक्रेनमधील ल्विव्ह) त्यांचा जन्म झाला. वडील राजवैद्य असल्याने वैद्यकाचे संस्कार घरातच लाभले. १६३१ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले व १६४३ मध्ये लिस्बनहून पूर्वेकडे निघाले. गोवा व मकाव येथून पुढे ते चीनमध्ये पोहोचले.

त्या वेळी मांचू सैन्यापुढे मिंग राजघराणे मागे हटत होते. त्या दरबारातील राजमातेने बाप्तिस्मा घेऊन हेलेना हे नाव धारण केले होते. १६५० मध्ये तिने पोपमहोदयांना लिहिलेले पत्र पोहोचविण्याचे काम फादर बोइम यांच्यावर सोपविण्यात आले. १६५१ मध्ये ते गोव्यास आले. परंतु मांचूंचा रोष नको म्हणून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना स्थानबद्ध केले. डिसेंबरमध्ये ते तेथून निसटले आणि हैदराबाद, सुरत व इराणमार्गे वर्षभराने व्हेनिसला पोहोचले. रोममध्येही त्यांच्याविषयी शंका घेतल्या गेल्या. अखेर डिसेंबर १६५५ मध्ये पोप सातवे अलेक्झांडर यांनी उत्तर दिले. राजमाता हेलेना मात्र १६५१ मध्येच निवर्तल्या होत्या.

परतीच्या प्रवासात, १६५८ मध्ये सयाम देशात असताना, फादर बोइम आपल्या वैद्यकविषयक लेखनात गुंतले होते. चिनी वैद्य प्रत्येक मनगटावर तीन स्थाने मानतात. डाव्या हाताची स्थाने हृदय, यकृत व मूत्रपिंडाशी, तर उजव्या हाताची फुप्फुस, प्लीहा व पुन्हा मूत्रपिंडाशी जोडलेली असतात. बोटाचा दाब हलका, मध्यम व खोल असा बदलून नाडी वरवरची की खोल, मंद की जलद, हे पाहिले जाते. घड्याळाऐवजी वैद्य स्वतःचा श्वास मोजतो : एका श्वासोच्छ्वासात चार-पाच ठोके पडले, तर नाडी स्वस्थ. तिसऱ्या शतकातील वैद्य वांग शू-ह यांच्या नावाने चालत आलेली ही परंपरा फादर बोइम यांनी लॅटिनमध्ये आणली.

१६५९ मध्ये चीनच्या सीमाभागात त्यांचे निधन झाले. आंद्रेयास नावाचा त्यांचा चिनी सोबती अखेरपर्यंत त्यांच्याजवळ होता.

त्यांची हस्तलिखिते बटाव्हियात पोहोचली. वेंगुर्ल्याची वखार ज्या डच कंपनीची, तिचेच ते मुख्य ठाणे. कंपनीचे वैद्य आंद्रेयास क्लायर यांनी १६८२ मध्ये फ्रँकफर्ट येथे चिनी वैद्यकावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील बराच भाग फादर बोइम यांच्या अनुवादांवर आधारलेला आहे, असे अभ्यासक मानतात. पण त्यावर त्यांचे नाव नव्हते. १६८६ मध्ये नाडीविषयक दुसरा ग्रंथ निघाला, तेव्हा लेखक म्हणून त्यांचे नाव छापले गेले. या लेखनाचा मागोवा घेत इंग्लंडमधील डॉ. जॉन फ्लॉयर यांनी नाडीचा अभ्यास केला आणि ठोके मोजण्यासाठी १७०७ मध्ये मिनिटाचे घड्याळ पुढे आणले.

नाडीची गती व लय यांना आजच्या वैद्यकातही महत्त्व आहे. परंतु एकेका अवयवाचा रोग केवळ बोटांनी ओळखता येतो, हे सिद्ध झालेले नाही. म्हणून योग्य तपासणीस पर्याय नाही. तरीही परक्या लोकांची विद्या तुच्छ न मानता ती त्यांच्याच ग्रंथांतून शिकणे आणि प्रामाणिकपणे इतरांना सांगणे, ही फादर बोइम यांची खरी सेवा होय. सोपविलेले पत्र त्यांनी पोहोचविले. उत्तर घेऊन ते परतलेही. मात्र ते स्वीकारण्यास राजमाता हेलेना उरल्या नव्हत्या. त्यांच्या प्रवासातून जगाला लाभली ती वाटेत लिहिलेली पाने.