रेव्ह. चार्ल्स सिमियन : विद्यार्थ्यांचे पाळक

केंब्रिज हे इंग्लंडातील जुन्या विद्यापीठाचे शहर होय. तेथील किंग्ज कॉलेजात इ. स. १७७९ च्या आरंभी चार्ल्स सिमियन नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण शिकावयास आला. त्याचा जन्म रेडिंग गावी १७५९ साली झाला. उंची पोशाख व घोडे यांचा त्यास मोठा शोक असे. धर्माची गोडी मुळीच नव्हती.

कॉलेजात येऊन तीन दिवस होतात न होतात तोच त्यास हुकूम झाला की, काही आठवड्यांनी सर्वांबरोबर प्रभुभोजन घेतलेच पाहिजे. त्या काळी तसा नियमच होता. असल्या सक्तीपासून आत्मिक लाभ क्वचितच होतो. परंतु देवाने तिचाही उपयोग केला. आपण अगदी अपात्र आहो, या विचाराने तो भयभीत झाला. पुढे एका पुस्तकात त्याच्या वाचनात आले की, इस्राएल लोक अर्पणाच्या पशूच्या डोक्यावर हात ठेवून आपली पापे त्यावर घालीत. तर मग आपलेही ओझे ख्रिस्तावर ठेवता येईल, असा प्रकाश त्याच्या मनात पडला, आणि ४ एप्रिलच्या ईस्टर रविवारी त्याच्या जिवास शांती लाभली.

पण वाचकहो, यानंतरची तीन वर्षे फार एकांताची गेली. एवढ्या मोठ्या विद्यालयात त्याचा हात धरून चालविणारा एकही बंधू त्यास आढळला नाही. आपल्या खेड्यात एकच ख्रिस्ती घर असले म्हणजे काय वाटते, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस हे दुःख समजेल.

१७८२ साली सिमियन यांस दीक्षा मिळाली, व त्याच सुमारास येलिंग खेड्याचे वृद्ध पाळक हेन्री व्हेन यांची ओळख झाली. सिमियन घोड्यावर बसून वारंवार त्यांच्याकडे जात. स्वभाव तापट व बोलणे उद्धट, म्हणून व्हेन यांच्या मुली त्यांस हसल्या. तेव्हा बापाने त्यांस बागेतून पीच नावाचे एक फळ तोडून आणावयास सांगितले. फळे तर अजून हिरवी होती! ऊन व पाऊस मिळून ती जशी पिकतील, तसाच हा तरुणही पिकेल, असे त्यांनी मुलींस समजाविले. कैरी आंबट लागली म्हणून आपण तरी झाड कोठे तोडतो?

पिकण्यास वेळ लागलाच. एकदा परगृही पाहुणे असता, नोकराने विस्तव नीट सारला नाही म्हणून सिमियन यांनी त्याच्या पाठीवर फटका मारला. मागाहून त्या नोकराच्या नावाने त्यांस एक चिठ्ठी आली. ती वास्तविक त्या घरच्या मित्राने लिहिली होती. सिमियन यांनी नोकरास उत्तर पाठवून आपला गर्व व रागीटपणा कबूल केला आणि क्षमा मागितली. साहेबाने चाकराची क्षमा मागावी, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

१७८२ मध्येच ते केंब्रिज येथील होली ट्रिनिटी देवळाचे पाळक झाले. मंडळीस दुसरा मनुष्य पाहिजे होता. त्या देशात तेव्हा देवळातील बाकांस दारे असत. लोकांनी त्यांस कुलुपे घातली व स्वतः येईनासे झाले. ऐकणारे उभे राहत म्हणून सिमियन यांनी स्वखर्चाने मधल्या वाटेत बाके मांडिली, तर कारभाऱ्यांनी ती अंगणात फेकून दिली. हा विरोध दहा वर्षांहून अधिक काळ चालला. तथापि १७८८ च्या महागाईत गरिबांस निम्म्या किमतीत पाव मिळावा म्हणून हेच पाळक दर सोमवारी घोड्यावर खेडोपाडी फिरत असत.

विद्यार्थीही प्रथम टवाळीच करीत; कोणी देवळाच्या खिडक्यांवर दगड मारी. परंतु जे खरोखर ऐकावयास आले, त्यांस सिमियन यांनी आपल्या खोल्यांत बोलाविले. सुमारे १७९० पासून त्यांनी उपदेश तयार करण्याचा वर्ग चालविला. वचनात जे आहे तेच बाहेर काढावे, आपल्या मनचे त्यात घालू नये, हा त्यांचा कटाक्ष. १८१२ च्या सुमारास शुक्रवारच्या सायंकाळी चहाच्या बैठका सुरू झाल्या. वाटेल त्याने यावे, वाटेल तो प्रश्न विचारावा. ते स्वतः विस्तवाजवळ बसत व तरुण खुर्च्यांवर, बाकांवर, खिडक्यांतही दाटीने बसत. स्वतःस जो सोबती मिळाला नव्हता, तो ते इतरांस झाले.

त्यांच्यापैकीच हेन्री मार्टिन. १८०१ साली गणितात विद्यापीठात पहिला आलेला हा तरुण सिमियन यांचा मदतनीस झाला व १८०६ मध्ये हिंदुस्थानात येऊन पोहोचला. त्याने नवा करार हिंदुस्थानी भाषेत आणिला. कानपूर येथे त्याचा उपदेश ऐकून शेख सालेह यांचे मन वळले. १८११ साली कलकत्त्यास बाप्तिस्मा घेऊन ते अब्दुल मसीह झाले, व आग्र्यास त्यांनी पुष्कळ वर्षे सुवार्ता सांगितली. अशा रीतीने केंब्रिजच्या त्या खोल्यांतील बोलणे गंगा-यमुनेच्या काठी ऐकू आले.

मार्टिन १८१२ साली तुर्कस्तानात तोकात येथे वारला, तेव्हा तो अवघा ३१ वर्षांचा होता. त्याची तसबीर सिमियन यांनी विस्तवाच्या वर टांगिली होती. वेळ व्यर्थ घालवू नका, असे ती डोळ्यांनी बजावते, असे ते मित्रांस सांगत. आणि मग किंचित हसून, नाही, घालविणार नाही, असे तिला उत्तर देत.

सिमियन अविवाहित राहिले, व त्या एकाच देवळात ५४ वर्षे सेवा करून १३ नोव्हेंबर १८३६ रोजी प्रभूमध्ये निजले. त्यांस किंग्ज कॉलेजाच्या देवळात पुरले. त्या दिवशी केंब्रिजच्या बाजारातील दुकाने बंद होती, आणि विद्यार्थ्यांची मोठी गर्दी प्रेतामागून चालली होती.